‘भारतीय’ बचाव आणि भारतीय खेळाडू : सुलतान खान–कॅपाब्लांका (हेस्टिंग्ज, १९३०-३१) या डावाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

बुद्धिबळाचा नोंदवून ठेवलेला डाव हे इतिहासाचे साधन मानता येईल काय, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला गेलेला नाही. ताम्रपट, बखरी, पत्रव्यवहार, दप्तरे, वृत्तपत्रे या साधनांची चिकित्सा करण्याची मराठी इतिहासलेखनाची परंपरा समृद्ध आहे. खेळाकडे मात्र मनोरंजन म्हणून पाहण्याची आपली सवय असल्यामुळे खेळाच्या नोंदी क्रीडास्तंभांपलीकडे गेल्या नाहीत. वास्तविक स्पर्धेतील डावाच्या नोंदीत एक दुर्मीळ गुण असतो. चरित्रकार, पत्रकार किंवा आठवणी सांगणारे सहकारी खेळाडूविषयी काहीही लिहोत. त्याने पटावर कोणत्या क्रमाने कोणती खेळी केली हे त्यांच्या मतांवर अवलंबून नसते. लेखन न ठेवणाऱ्या माणसाच्या विचारप्रक्रियेचा इतका थेट पुरावा इतर क्षेत्रांत क्वचितच मिळतो.

प्रस्तुत लेखात अशाच एका डावाचा अभ्यास केला आहे. इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे १९३०-३१ च्या नाताळात भरलेल्या स्पर्धेत पंजाबचे मीर सुलतान खान यांनी क्यूबाचे माजी विश्वविजेते होजे राऊल कॅपाब्लांका यांचा पराभव केला. हा डाव बुद्धिबळाच्या संग्रहांमध्ये पुन:पुन्हा छापला गेला आहे. तथापि, त्याच्याभोवती एक कथाही उभी राहिली : पुस्तकाचे तोंड न पाहिलेला, अक्षरशत्रू नोकर केवळ उपजत बुद्धीच्या जोरावर जगज्जेत्याला हरवतो. ही कथा आकर्षक आहे. पण डावाच्या नोंदीवर ती कितपत टिकते, हे तपासणे हा या लेखाचा पहिला हेतू होय. दुसरा हेतू या डावाच्या ओपनिंगशी, म्हणजे ‘क्वीन्स इंडियन’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या बचावाशी निगडित आहे. या नावातील ‘इंडियन’ हा शब्द कोठून आला, आणि ज्यांच्यामुळे तो आला त्यांच्या वाट्याला इतिहासात काय आले, याचाही विचार येथे केला आहे.

‘भारतीय’ या नावाचा उगम

चतुरंगापासून बुद्धिबळाचा उगम भारतात झाला हे सर्वमान्य आहे; परंतु ‘इंडियन डिफेन्स’ या नावाचा त्या प्राचीन वारशाशी संबंध नाही. त्याचे मूळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील कलकत्त्यात आहे. जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर तेथे वकिली करीत असे. आपल्या काळातील तो अत्यंत बलवान खेळाडू होता. कलकत्त्याच्या बुद्धिबळ मंडळात त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने लढत देऊ शकेल असा एकच स्थानिक खेळाडू होता : मोहेशचंद्र बॅनर्जी. लंडनच्या एका बुद्धिबळ नियतकालिकात १८५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कलकत्त्याच्या पत्रावरून असे दिसते की, मंडळाच्या एका सभासदाला मुलुखात फिरताना कधीही न हरलेल्या या ब्राह्मण खेळाडूची वार्ता कळली. बॅनर्जी तेव्हा देशी नियमांनी खेळत असत. युरोपीय नियम त्यांनी नंतर आत्मसात केले. पुढील काळात कॉक्रेनने त्यांच्याशी शेकडो डाव खेळले आणि त्यांपैकी बरेचसे नोंदवले गेल्यामुळे आज उपलब्ध आहेत.

या डावांत बॅनर्जींची पद्धत युरोपीय रीतीहून निराळी होती. त्या काळी युरोपात पहिल्या खेळीतच मधले प्यादे दोन घरे पुढे टाकून पटाचा मध्य व्यापणे हा शिष्टसंमत मार्ग होता. बॅनर्जी मात्र मध्य प्रतिस्पर्ध्याला व्यापू देत, घोडा आधी काढीत, कडेचे प्यादे एकच घर सरकवून मागे उंट बसवीत आणि लांबच्या तिरक्या रेषेवरून मध्यावर दाब आणीत. १८५५ च्या एका डावात त्यांनी जी मांडणी केली, तीच पुढे १९२२ मध्ये ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी स्पर्धेत आणली आणि ती ‘ग्रुनफेल्ड बचाव’ म्हणून विख्यात झाली.

बॅनर्जींच्या या रीतीचे मूळ देशी नियमांत शोधणे सयुक्तिक ठरेल. भारतातील बहुतेक प्रांतांतील जुन्या पद्धतीत प्याद्याला पहिल्या खेळीतही एकच घर चालता येई. किल्लेकोट नसे, त्याऐवजी राजाला शह बसण्यापूर्वी एकदाच घोड्यासारखी उडी मारण्याची मुभा असे. प्यादे शेवटच्या घरी पोहोचले म्हणजे ज्या मोहऱ्याच्या रांगेत ते पोहोचले, सामान्यत: तेच मोहरे मिळत असे. अशा नियमांत डावाची सुरुवात संथ होते, दोन्ही फौजा आपापल्या हद्दीत रचना करतात आणि चकमक उशिरा झडते. साहजिकच या परंपरेत वाढलेल्या खेळाडूला मध्यावर तातडीने ताबा मिळवण्याची घाई नसते. आपल्या भागातही दोन नियमपद्धतींचे हे सहअस्तित्व जुने आहे. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा मूळ संस्कृतावरून केलेला बुद्धिबळविषयक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो युरोपीय खेळपद्धतीशी जुळवून घेतलेला आहे, असे त्याच्या शीर्षकातच नमूद होते. देशी शहाणपण युरोपीय चौकटीत बसवून मांडण्याची गरज तेव्हापासूनच जाणवू लागली होती, असे यावरून म्हणता येते.

‘इंडियन डिफेन्स’ हा शब्दप्रयोग १८८४ पासून आढळतो आणि त्याचा संबंध बॅनर्जींच्या खेळाशी जोडला जातो. परंतु तो रूढ झाला १९२० नंतर. पहिल्या महायुद्धानंतर रिचर्ड रेटी, आरोन निम्झोविच, सॅव्हिली टार्टाकोवर आदी खेळाडूंनी मध्य प्याद्यांनी व्यापण्यापेक्षा तो दुरून मोहऱ्यांनी नियंत्रित करावा, असा विचार मांडला. या ‘अतिआधुनिक’ संप्रदायाने प्रचारात आणलेल्या बचावांना टार्टाकोवर यांनी ‘भारतीय’ हे नाव लोकप्रिय करून दिले. राजाच्या बाजूला उंट बसवला तर ‘किंग्ज इंडियन’, वजिराच्या बाजूला बसवला तर ‘क्वीन्स इंडियन’ असे त्याचे पोटभेद झाले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ग्रुनफेल्ड, निम्झोविच, रेटी यांची नावे व्यक्ती म्हणून ओपनिंगला चिकटली. बॅनर्जींच्या बाबतीत मात्र व्यक्तीचे नाव गळून त्यांच्या देशाचे विशेषण तेवढे उरले.

सुलतान खान यांची पार्श्वभूमी

मीर सुलतान खान यांचा जन्म १९०३ च्या सुमारास पंजाबातील खुशाबजवळील मिठा टिवाणा येथे झाला. वयाच्या नवव्या वर्षी वडिलांकडून ते देशी पद्धतीचे बुद्धिबळ शिकले आणि विशीच्या आरंभी पंजाबातील सर्वांत बलवान खेळाडू म्हणून गणले जाऊ लागले. त्या परिसरातील मोठे जमीनदार आणि लष्करी अधिकारी सर उमर हयात खान टिवाणा यांनी त्यांना आश्रय दिला व युरोपीय नियम शिकण्याची व्यवस्था केली. १९२८ च्या अखिल भारतीय स्पर्धेत आठ विजय व एक बरोबरी अशी कामगिरी करून सुलतान खान विजेते ठरले. १९२९ च्या वसंतात सर उमर यांच्यासमवेत ते लंडनला गेले.

तेथील आरंभ निराशाजनक होता. त्यांच्या सरावासाठी योजलेल्या एका छोट्या स्पर्धेत ते शेवटच्या स्थानी राहिले. त्यानंतर विल्यम विंटर आणि फ्रेड येट्स या दोन अनुभवी इंग्लिश खेळाडूंनी त्यांच्याबरोबर सराव केला, आणि त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेट येथे सुलतान खान ब्रिटिश विजेते झाले. १९३२ आणि १९३३ मध्ये त्यांनी हे पद पुन्हा मिळवले. १९३० मध्ये लीज येथील स्पर्धेत ते टार्टाकोवर यांच्या खालोखाल दुसरे आले. १९३१ च्या आरंभी टार्टाकोवर यांच्याशीच झालेल्या बारा डावांच्या सामन्यात त्यांनी चार विजय, पाच बरोबरी व तीन पराभव अशा फरकाने सरशी मिळवली. त्याच वर्षी प्राग येथील ऑलिंपियाडमध्ये इंग्लंडच्या पहिल्या पटावर खेळताना त्यांनी आठ डाव जिंकले, सात बरोबरीत सोडवले आणि दोनच गमावले. हरलेल्यांत सॅलो फ्लोर व अकिबा रुबिन्स्टाइन होते, तर विश्वविजेते अलेखिन यांच्याशी त्यांनी बरोबरी साधली.

‘नोकर’ आणि ‘निरक्षर’ ही दोन विशेषणे या कामगिरीच्या जोडीने येतात. अमेरिकी ग्रँडमास्टर र्‍यूबेन फाइन यांनी १९३३ मधील लंडनच्या एका भोजनप्रसंगाची आठवण लिहून ठेवली. तीत सुलतान खान पाहुण्यांना वाढताना दिसतात. या एका प्रसंगाने त्यांची पुढची प्रतिमा घडवली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी चरित्राच्या उपशीर्षकातही ‘नोकर’ हा शब्द होता. त्यांच्या कुटुंबीयांनी त्यास जाहीर आक्षेप घेतला; सुलतान खान प्रतिष्ठित पीर घराण्यातील होते, ते निरक्षर नव्हते आणि सर उमर यांच्याशी त्यांचे नाते आश्रित कलावंताचे होते, असे त्यांचे म्हणणे आहे. दरबारी गवयाला किंवा पहिलवानाला संस्थानिक पोसत असे, तेव्हा त्या नात्यात मान आणि पारतंत्र्य दोन्ही असत. कोल्हापूरच्या तालमींचा आणि संस्थानी गायकांचा इतिहास परिचित असलेल्या मराठी वाचकाला हे नाते समजण्यास अवघड नाही. युरोपीय निरीक्षकाला मात्र त्यासाठी ‘नोकर’ याखेरीज शब्द सापडला नसावा.

डावाचा प्रारंभ

हेस्टिंग्जच्या या स्पर्धेत दहा खेळाडू होते. युव्हे, कॅपाब्लांका, सुलतान खान यांच्याशिवाय विंटर, येट्स आणि महिला विश्वविजेत्या व्हेरा मेन्चिक यांचाही त्यांत समावेश होता. कॅपाब्लांका १९२१ ते १९२७ या काळात विश्वविजेते होते आणि १९१६ ते १९२४ अशी आठ वर्षे एकही डाव हरले नव्हते. सुलतान खान यांच्याकडे पांढरी मोहरी होती. प्रारंभ असा झाला (घो – घोडा, उं – उंट) :

१. घो-एफ३ घो-एफ६ २. डी४ बी६ ३. सी४ उं-बी७ ४. घो-सी३ ई६ ५. ए३ डी५ ६. सी×डी५ ई×डी५

कॅपाब्लांका यांनी ‘क्वीन्स इंडियन’ निवडला. बी७ वरील उंट ई४ आणि डी५ या मध्यवर्ती घरांवर लांबून नजर ठेवतो. पांढऱ्याने ई४ ला प्यादे आणू नये, हा या बचावाचा गाभा. पांढऱ्याचा घोडा सी३ ला आल्यावर काळा सहसा दुसरा उंट बी४ ला आणून त्या घोड्याला जखडतो. सुलतान खान यांची पाचवी खेळी, कडेचे प्यादे एक घर पुढे सरकवून ए३ ला आणणे, ही नेमकी याच खेळीला प्रतिबंध करते.

तत्कालीन समजुतीप्रमाणे अशी खेळी म्हणजे वेळेचा अपव्यय होता. मोहरी बाहेर काढण्याऐवजी कडेचे प्यादे हलवण्यात एक चाल खर्च होते. तथापि, नंतरच्या काळाने या विचाराला मान्यता दिली. ए३ ची ही पद्धत आज ‘पेट्रोस्यान पद्धती’ या नावाने ओळखली जाते. आणि खेळ्यांचा क्रम थोडा वेगळा असला, तरी सहाव्या खेळीनंतरची वरील स्थिती ही त्या पद्धतीतीलच स्थिती आहे. टिग्रान पेट्रोस्यान १९६३ ते १९६९ या काळात विश्वविजेते होते. हेस्टिंग्जचा डाव झाला तेव्हा ते दीड-दोन वर्षांचे बालक होते. पुढे १९८० नंतरच्या दशकात गॅरी कास्पारोव्ह यांनी हीच पद्धत आक्रमक शस्त्र म्हणून वापरली. ही खेळी सुलतान खान यांनीच प्रथम शोधली, असा दावा येथे करावयाचा नाही. मुद्दा एवढाच की, सिद्धान्ताने जिची योग्यता पुढे कित्येक वर्षांनी मान्य केली ती खेळी ‘ओपनिंगचे ज्ञान नसलेल्या’ म्हटल्या गेलेल्या खेळाडूने माजी विश्वविजेत्यासमोर योग्य जागी केली.

येथे दोन शक्यता संभवतात. विंटर आणि येट्स यांच्यासमवेतच्या सरावात त्यांनी या मांडणीचा विचार केलेला असेल. तसे असल्यास ‘पुस्तकी ज्ञानाचा स्पर्श नसलेला’ हे वर्णन अपुरे ठरते. किंवा प्याद्याने एकच घर चालण्याच्या परंपरेत घडलेल्या दृष्टीला अशी संथ, प्रतिबंधक खेळी अपव्ययाची वाटली नसेल. तसे असल्यास ‘ज्ञान नसलेला’ हे वर्णन चुकीचे ठरते, कारण ते वेगळ्या परंपरेतील ज्ञान होते. दोन्ही शक्यतांत ‘केवळ उपजत प्रतिभा’ हे स्पष्टीकरण अपुरे पडते.

मधला डाव : बंदिस्त उंट आणि खिळलेला घोडा

पुढील काही खेळ्यांत सुलतान खान यांनी एक सुसंगत योजना राबवली. बाराव्या खेळीत त्यांनी घोडा बी५ वर नेऊन सी७ च्या प्याद्यावर दाब आणला. कॅपाब्लांका यांनी काळ्या घरांवरून चालणारा उंट डी६ ला आडवा घातला. पांढऱ्याने तो घोड्याने मारला व काळ्याने सी प्याद्याने प्रतिमार केला. या अदलाबदलीने काळ्याला हत्तींसाठी सी स्तंभ मोकळा मिळाला. पण पांढऱ्याकडे दोन्ही उंट राहिले आणि काळ्याचा उरलेला उंट बी७ वर आपल्याच डी५ च्या प्याद्यामागे कोंडला गेला. सतराव्या खेळीत ई४ वर घोड्यांची मारामारी होऊन काळ्याचे एफ स्तंभातील प्यादेही ई४ वर आले आणि ही कोंडी अधिकच पक्की झाली. एकोणिसाव्या व विसाव्या खेळीत जी प्यादे पुढे रेटून पांढऱ्याने काळ्याचा घोडा एफ६ वरून ई८ वर मागे हटवला.

यानंतर या डावातील सर्वांत गाजलेला प्रसंग येतो. काळ्याने दोन्ही हत्ती सी स्तंभात एकामागे एक उभे केले होते. एकविसाव्या खेळीत पांढऱ्याचा उंट जी४ ला आला आणि त्याने सी८ वरील हत्तीवर मारा केला. कॅपाब्लांका यांनी मागे न हटता सी१ वर हत्तीने शह दिला, पाठोपाठ दुसरा हत्ती सी२ वर आणून पुन्हा शह दिला आणि पांढऱ्याचा वजीर जिंकला. मात्र त्यासाठी दोन्ही हत्ती द्यावे लागले. धूळ खाली बसली तेव्हा पांढऱ्याकडे दोन हत्ती व दोन उंट, तर काळ्याकडे वजीर, एक उंट व एक घोडा राहिला. प्यादी दोघांचीही सात-सात होती.

मोहऱ्यांच्या केवळ हिशेबात काळ्याचे फारसे नुकसान नव्हते. त्याचा वजीर सी४ मार्गे बी३ वर, म्हणजे पांढऱ्या राजाच्या अगदी जवळ, जाऊन पोहोचला. एखादा कमी धैर्याचा खेळाडू या प्रवेशाने गोंधळला असता. सुलतान खान यांनी मात्र उंट व हत्ती यांची फेरजुळणी करून सी स्तंभ ताब्यात घेतला आणि तिसाव्या खेळीपर्यंत वजिराला माघारी डी७ वर जावे लागले. एकटा वजीर शत्रूच्या घरात शिरला, पण त्याच्या मदतीला कोणी येऊ शकले नाही, हे या पराभवाचे खरे कारण होय. काळ्याचा उंट तिसऱ्या खेळीत बी७ वर बसला तो बावन्नाव्या खेळीपर्यंत तेथून हलला नाही. घोडा विसाव्या खेळीत ई८ वर गेला तो त्रेसष्टाव्या खेळीपर्यंत तेथेच खिळून राहिला. ‘क्वीन्स इंडियन’ची सारी उभारणी ज्या लांब तिरक्या रेषेवर होते, तीच रेषा पांढऱ्याने काळ्याच्या स्वत:च्या प्याद्यांकरवी बंद करून टाकली होती.

शेवटचा टप्पा : संथपणाचे सामर्थ्य

पस्तिसाव्या खेळीपासून काळ्याचा वजीर एच३ आणि एच४ या दोन घरांत येरझारा घालताना दिसतो. करण्यासारखे दुसरे काही नाही, याची ही जणू कबुलीच. सुलतान खान यांनी या वेळी कोणतीही घाई केली नाही. त्यांनी राजाला सी१, बी२, ए३ असे सुरक्षित ठिकाणी नेले, राजाच्या बाजूची प्यादी पुढे सरकवून एच६ वर काळ्याच्या गोटात पाचर ठोकली आणि पंचेचाळिसाव्या खेळीत प्यादे बी५ वर नेले. काळ्याने प्यादे ए५ वर आणून ती बाजू बंद केली. परंतु त्यामुळे सी६ हे घर कायमचे दुबळे झाले. त्या घराला आता प्याद्याचे संरक्षण नव्हते. होते ते फक्त बी७ च्या उंटाचे. बावन्नाव्या खेळीत, वजिराभोवतीचा फास आवळू लागल्यावर, तो उंट अखेर सी८ वर हलला, आणि लगेच पुढच्या खेळीत पांढऱ्याचा हत्ती सी६ वर जाऊन बसला. एकसष्टाव्या खेळीत बी६ चे प्यादे पडले, बी स्तंभातील पांढरे प्यादे मोकळे झाले आणि पासष्टाव्या खेळीनंतर कॅपाब्लांका यांनी हार मान्य केली.

स्पर्धेअखेर युव्हे सात गुणांसह पहिले, कॅपाब्लांका साडेसहा गुणांसह दुसरे व सुलतान खान सहा गुणांसह तिसरे आले. कॅपाब्लांका यांचा हा स्पर्धेतील एकमेव पराभव होता. विशेष म्हणजे, त्यांनी स्वत:च पुढे सुलतान खान यांच्या असामान्य प्रतिभेची मोकळेपणाने प्रशंसा केली.

अन्वयार्थ

या डावात चमकदार बलिदाने नाहीत. प्रतिपक्षाच्या हालचालीवर बंधन घालणे, आपल्या मोहऱ्यांची जागा हळूहळू सुधारणे आणि प्रतिस्पर्ध्याला स्वत:हून जागा सोडावयास लावणे, ही त्याची वैशिष्ट्ये आहेत. यातील एकही गोष्ट क्षणिक स्फूर्तीने होत नाही. तिच्यासाठी शिस्त, स्मरण आणि प्रदीर्घ विचारशक्ती लागते. ‘उपजत प्रतिभा’ हा शब्द वरवर गौरवाचा वाटतो. परंतु वसाहतकाळात तो अनेकदा देशी कलावंताचे व कारागिराचे कष्टार्जित ज्ञान नाकारण्यासाठी वापरला गेला. ज्ञान युरोपाचे आणि देणगी निसर्गाची, अशी ही वाटणी असते. हेस्टिंग्जच्या डावाची नोंद या वाटणीला साक्षीपुराव्यानिशी उत्तर देते.

अर्थात, विरुद्ध टोकालाही जाऊ नये. सुलतान खान यांना ओपनिंगमध्ये अडचणी येत असत आणि काही डावांत त्यांना सुरुवातीलाच कठीण स्थितीला तोंड द्यावे लागले, हेही नोंदींवरून दिसते. छापील सिद्धान्त वाचण्यास त्यांना भाषेची अडचण होती. त्यामुळे ‘त्यांना सर्व ठाऊक होते’ असे म्हणणे जितके चूक, तितकेच ‘त्यांना काही ठाऊक नव्हते’ असे म्हणणेही चूक आहे. दोन नियमपद्धतींच्या सीमेवर उभा असलेला हा खेळाडू एकीकडून शिकलेले दुसरीकडे लावत होता. बॅनर्जी यांनी कलकत्त्यात ऐंशी वर्षांपूर्वी हेच केले होते.

या प्रकरणाचा उत्तरार्ध मात्र खिन्न करणारा आहे. १९३३ च्या अखेरीस सर उमर मायदेशी परतले आणि सुलतान खान यांनाही परतावे लागले. इंग्लंडच्या थंडीने व आजारपणाने ते त्रस्त झाले होते. त्यामुळे त्यांना परतण्याचा आनंदच झाला असे म्हणतात. १९३५ मध्ये त्यांचा व्ही. के. खाडिलकर यांच्याशी सामना झाला. दहा डावांत खाडिलकर यांना केवळ एक बरोबरी मिळवता आली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय बुद्धिबळात त्यांचे नाव दिसत नाही. आश्रयदात्याच्या इच्छेवर अवलंबून असलेली कारकीर्द त्या इच्छेबरोबरच संपली. त्यांच्या मागे उभी राहील अशी संस्था तेव्हा देशात नव्हती. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे नागरिक झाले व १९६६ मध्ये सरगोधा येथे निवर्तले. आपल्या मुलांना त्यांनी हा खेळ शिकवला नाही, आयुष्यात काही अधिक उपयुक्त करा असे सांगितले, ही त्यांच्या मुलाने सांगितलेली आठवण बोलकी आहे.

आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने १९५० मध्ये ग्रँडमास्टर किताब अधिकृतपणे सुरू केला, तेव्हा पहिल्या सत्तावीस जणांच्या यादीत पूर्वकामगिरीच्या आधारे रुबिन्स्टाइन, टार्टाकोवर आणि फ्लोर यांचा समावेश झाला. रुबिन्स्टाइन तर १९३२ नंतर स्पर्धांपासून दूरच होते. सुलतान खान यांनी या तिघांनाही हरवले होते आणि ते तेव्हा हयात होते. त्यांचे नाव मात्र यादीत नव्हते. महासंघाने त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर ठरवले ते २०२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. हा सन्मान पाकिस्तानच्या पंतप्रधानांच्या हाती सुपूर्द करण्यात आला. ज्या काळी ते खेळले त्या काळी ते ‘भारतीय’ होते, ब्रिटिश विजेते होते आणि इंग्लंडच्या संघातून खेळत होते. आजच्या कोणत्याही एका राष्ट्राच्या खात्यावर त्यांचा विजय संपूर्णपणे जमा करता येत नाही.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. स्पर्धेतील डावाची नोंद हे ऐतिहासिक साधन म्हणून वापरता येते. विशेषत: ज्या व्यक्तीचे स्वत:चे लेखन उपलब्ध नाही, तिच्याविषयीच्या प्रचलित कथांची चिकित्सा करण्यासाठी ते मोलाचे ठरते.

२. ‘इंडियन डिफेन्स’ हे नाव प्राचीन चतुरंगावरून आलेले नसून मोहेशचंद्र बॅनर्जी या व्यक्तीच्या खेळावरून आले आहे. नामकरणाच्या प्रक्रियेत युरोपीय खेळाडूंची व्यक्तिनामे टिकली आणि भारतीय खेळाडूचे व्यक्तिनाम लुप्त झाले.

३. हेस्टिंग्जच्या डावातील प्रारंभ व मधल्या डावातील योजना पाहता सुलतान खान यांच्या यशाचे ‘अशिक्षित प्रतिभा’ हे स्पष्टीकरण ग्राह्य धरता येत नाही. देशी नियमांत घडलेली दृष्टी आणि युरोपीय खेळाडूंसमवेतचा सराव या दोहोंचा तो परिपाक होता.

४. त्यांची कारकीर्द अवघ्या पाच वर्षांत संपण्याचे मुख्य कारण व्यक्तिगत आश्रयावरील अवलंबित्व हे होते. व्यक्तीच्या गुणांना संस्थेचे पाठबळ नसेल तर ते गुण इतिहासात आख्यायिका होऊन उरतात.

आपल्या महाविद्यालयांतून आज बुद्धिबळाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नियमित होतात आणि त्यांत विद्यार्थी ‘क्वीन्स इंडियन’ सहजपणे खेळतात. त्या नावामागे कलकत्त्यातील एक खेळाडू उभा आहे आणि त्याच बचावाला निष्प्रभ करणारा एक श्रेष्ठ डाव पंजाबातील एका खेळाडूने रचला आहे, हे त्यांना सांगणे हे इतिहासाच्या अध्यापकाचे काम आहे. गावोगावच्या वृद्ध खेळाडूंच्या स्मरणात देशी पद्धतीचे नियम अजून कोठे शिल्लक असतील, तर ते वेळीच नोंदवून ठेवणे, हेही त्याच कामाचा भाग ठरेल.